घरची ओळ

अल्लाबचायाला गळा वडिलांचा मिळाला होता आणि स्मरणशक्ती आईची. आई अशी, की चुलीवर दूध ठेवून पाण्याला जायची आणि परत आल्यावर मुलांवरच डाफरायची, "दूध कुणी ठेवलं होतं रे, सगळं उतू गेलं!" त्यामुळे मुलाला ओळी पाठ करायला बसवलं की वडिलांचं डोकं फिरायचं. सकाळी शिकवलेली फारसी ओळ दुपारी निम्मी व्हायची आणि संध्याकाळी तिच्या जागी भलतीच उभी असायची. पण त्याच पोराने सूर वर नेला की अंगणातली कबुतरं उडायची.

शेवटी वडिलांनी तोडगा काढला. थोरला मौलाबख्श मधे बसेल, ओळ तो देईल. धाकटा त्याच्या उजव्या हाताला बसेल आणि ती ओळ उचलून वर नेईल. "तू विचार करायचा नाहीस," वडील म्हणाले. "भाऊ देईल तेवढंच घ्यायचं आणि सोडायचं आकाशात."

वडील गेल्यावरही तीच रीत राहिली. मोतियांवाली गावातल्या शाह मोतियांच्या दर्ग्यात दर गुरुवारी दोघं भाऊ कव्वाली गायला बसत. उरसाला लांबलांबच्या कव्वालांच्या पार्ट्या यायच्या, पण शेवटच्या दिवशी दुपारच्या नमाजानंतरची बैठक याच घराची, पिढ्यान्‌पिढ्या. मौलाबख्शच्या डोक्यात ओळींचं गोदामच होतं, आणि कुठलं पोतं कुठे ठेवलंय हे त्याला अंधारातही ठाऊक. अल्लाबचाया त्याच्या शेजारी सुखात होता. मधे बसणाऱ्याला लोक सलाम करायचे, पहिला चहा त्याला मिळायचा. याला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. भाऊ चुकणार नाही, मग आपल्याला कसली काळजी?

काळजी असलीच तर ती सुग्रांची, म्हणजे बायकोची. सुग्रां मिरासी घरातली. लग्नाघरी जाऊन गाणं म्हणायचं, वऱ्हाडाला चिमटे काढायचे आणि लोकांना हसवून बक्षीस न्यायचं हा तिच्या माहेरचा पिढीजात धंदा. लग्नानंतर ती घराबाहेर गायली नाही, पण जीभ काही ती माहेरी ठेवून आली नव्हती. एकदा मौलाबख्शने जेवताना म्हटलं, "सुग्रां, साग जरा अळणी झालाय." पदर पुढे ओढून ती खालच्या मानेने म्हणाली, "भाईजी, मीठ फारसीत मागायला हवं होतं. पंजाबीत मागितलं, दुकानदाराने कमीच दिलं." मौलाबख्श पंधरा दिवस मिठाबद्दल बोलला नाही.

त्या वर्षीच्या उरसात मौलाबख्शची दाढ दुखायला लागली. लवंग झाली, अफूची पट्टी झाली, दर्ग्यातला धागा झाला. शेवटच्या दिवशी सकाळी गाल असा सुजला की एक डोळा दिसेना. अल्लाबचाया त्याला धरून बाजारात दात काढणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या माणसाने गुडघा छातीवर रोवून दाढ उपटली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि बजावलं, "दोन दिवस तोंड उघडायचं नाही. उघडलंत तर रक्त थांबायचं नाही."

मौलाबख्शने भावाकडे पाहिलं. मग एक बोट त्याच्या छातीला लावलं.

"मी?" अल्लाबचाया म्हणाला. "भाईजी, मी मधे बसू?"

"म्म," मौलाबख्श म्हणाला.

"आज? शेवटच्या दिवशी?"

"म्म्म!" या वेळी त्यात शिवी होती हे सहज कळत होतं.

भावाला घरी सोडून अल्लाबचाया आपल्या घराकडे वळला खरा, पण पाय तिकडे जाईनात. कोपऱ्यावरच्या हलवायाच्या बाकावर बसून तो ओळी घोकू लागला. एक आठवली की आधीची निसटायची. त्याने चहा मागवला, मग आणखी एक. उसाच्या गाड्या जात होत्या, उरसाला आलेल्या बायका बांगड्या घासाघीस करून घेत होत्या, आणि हा भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच पुटपुटत होता. हलवायाने शेवटी विचारलं, "मियाँ, कुणाशी भांडताय?"

घरी पोचला तेव्हा नमाजाची वेळ होत आली होती. सुग्रां चुलीपाशी बसलेली होती. सकाळी मोहरीचा साग घोटून, वर लोण्याचा गोळा ठेवून, मक्याची रोटी फडक्यात गुंडाळून ती त्याची वाट बघत बसली होती, स्वतःही उपाशी. लोण्याचं पाणी झालं होतं.

"जरा उशीर झाला," तो म्हणाला. "रोटी गरम आहे का?"

तिने वर पाहिलंही नाही. ताट सरकवलं आणि म्हणाली, "रोटी निवली, मी नाही निवले."

एरवी त्याने हसून घेतलं असतं. आज त्याने मुकाट्याने चार घास गिळले, शेरवानी चढवली आणि तो बाहेर पडला. भावाची दाढ काढली, आज आपण मधे बसणार, हे तिला सांगायचंसुद्धा राहून गेलं.

दर्ग्याचं अंगण भरलं होतं. समोर दर्ग्याच्या गादीवरचे पीरसाहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना खानदानी मंडळी, मागे शेतकरी, गाडीवान, कापडवाले, जाळीमागे बायका. पलीकडच्या भिंतीआड लंगरच्या भट्ट्या धडधडत होत्या. मौलाबख्श डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळून उजव्या हाताला बसला. ढोलकवाला शेरा त्यांचा चुलतभाऊ, तो अल्लाबचायाच्या कानाशी म्हणाला, "घाबरू नकोस. अडलास तर मी जोरात वाजवतो, कुणाला काही कळणार नाही."

सुरुवात बरी झाली. अल्लाची हम्द झाली, मग पैगंबरांची स्तुती, मग शाह मोतियांची. ही तिन्ही लहानपणापासून गायलेली, तोंडात आपोआप येणारी. लोकांनी माना डोलावल्या. अल्लाबचायाच्या खांद्यातला ताठरपणा गेला. त्याने जुनी काफी, म्हणजे फकिरी गीत, धरलं, साजणाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईची. दोन कडवी झाली. आता तिथे एक फारसी शेर घालायचा, मग परत मुखड्यावर यायचं. मौलाबख्श तो दर वर्षी घालायचा आणि पीरसाहेब दर वर्षी त्याला हात उचलून दाद द्यायचे.

अल्लाबचायाने हात पुढे केला, तोंड उघडलं आणि आत पाहिलं तर काहीच नव्हतं.

टाळ्या चालू होत्या. शेराने वचन पाळून ढोलक बडवायला सुरुवात केली. अल्लाबचायाने भावाकडे पाहिलं. मौलाबख्शचा एकुलता उघडा डोळा बाहेर यायच्या बेतात होता. "म्म्म! म्म्म्म!" तो म्हणत होता, सबंध शेर तो नाकातून सांगत होता, आणि त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आवर्तन संपत आलं. समेवर काहीतरी पडायला हवं होतं. आणि अल्लाबचायाच्या तोंडून, घरातून निघताना त्याने ऐकलेली शेवटची गोष्ट बाहेर पडली, वरच्या सुरात, अगदी स्पष्ट:

"रोटी निवली, मी नाही निवले!"

शेराचा हात चुकता चुकता राहिला. मागे साथीला बसलेल्या पोरांनी सवयीने ओळ उचलली आणि ती काय आहे हे उचलल्यावर त्यांना कळलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाला? रोटी?" मौलाबख्शने डोळा मिटून घेतला.  पटकन मुखड्यावर यावं आणि हे झालंच नाही असं दाखवावं, म्हणून अल्लाबचायाने श्वास घेतला. तेवढ्यात लंगरच्या बाजूची माणसं बाजूला होऊ लागली.

नूरा येत होता. नूरा म्हणजे लंगरचा मुख्य आचारी, रेड्याएवढा माणूस. आजवर कुणी त्याला बैठकीत बसलेला पाहिला नव्हता. "कव्वाली पोट भरलेल्यांसाठी," तो म्हणायचा, "आधी पोटं भरू द्या मला." आज तो कोपरापर्यंत कणीक माखलेल्या हातांनी, अनवाणी, माणसं ओलांडत येत होता. डोळे उघडे होते, पण समोरचं काही दिसत नसावं. अंगणाच्या मधे येऊन तो उभा राहिला. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकली. मग ते अवाढव्य शरीर स्वतःभोवती फिरू लागलं, हळू, एखाद्या रहाटासारखं.

पीरसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या मागे सगळं अंगण उठलं.

वडिलांनी मुलांना जे थोडे नियम मारून मारून शिकवले होते त्यात हा पहिला होता: ऐकणाऱ्याला ज्या ओळीवर हाल येईल, म्हणजे त्याचं भान हरपेल, ती ओळ तो भानावर येईपर्यंत सोडायची नाही. मधेच सोडली तर त्याच्या जिवाला धोका. मग ती ओळ कुणाचीही असो, पुढे कुणीही खोळंबलेलं असो.

तेव्हा अल्लाबचायाने ती परत म्हटली. आणि परत. पहिल्यांदा भीतभीत, कुणाची तरी माफी मागितल्यासारखी. पण तीच ओळ इतक्यांदा घोळवायची तर तिच्यात काहीतरी शोधावं लागतं, आणि शोधता शोधता त्याला चुलीपाशी बसलेली बाई दिसायला लागली. फडकं उघडून रोटी चाचपणारी, परत झाकणारी. दारात सावली पडली की मान वर करणारी, आणि ती शेजारणीची निघाली की खाली घालणारी. त्याने 'निवली' शब्द सोडून दिल्यासारखा खाली टाकला आणि 'नाही निवले' वर, पार वर नेला. एकदा त्यात राग होता, एकदा नुसता दमलेला आवाज, एकदा हट्ट. सकाळभर ती काय करत होती हे त्याला जेवताना कळलं नव्हतं, ते आता चारशे माणसांसमोर कळत होतं. जाळीमागून एका बाईचा हुंदका आला. झंगहून आलेल्या पार्टीचा म्हातारा उस्ताद आपली पाळी लांबली म्हणून कुरकुरत होता, तो केव्हा टाळी द्यायला लागला ते त्यालाही कळलं नाही.

आणि मग, ओळीच्या ऐन मध्यावर, अल्लाबचायाला भोंगा आठवला.

उरसासाठी दर्ग्याच्या चारी कोपऱ्यांवर भोंगे लावले होते. त्यातला एक थेट त्यांच्या गल्लीकडे तोंड करून होता. सुग्रांचं चुलीजवळचं वाक्य सबंध मोतियांवालीला ऐकू जात होतं, न थांबता, तिच्याच नवऱ्याच्या आवाजात. त्याचा सूर कापला. लोकांना वाटलं, गायकाला गहिवरून आलं. "वाह! वाह!" पीरसाहेब म्हणाले. अल्लाबचायाने डोळे मिटले आणि तो गात राहिला. दुसरा इलाजच नव्हता.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा नूरा थांबला. गुडघ्यांवर बसला, कणकेच्या हातांत तोंड लपवून रडला आणि मग लहान मुलासारखं इकडेतिकडे पाहू लागला. पीरसाहेबांनी स्वतः त्याला मिठी मारली. त्यांचा पांढरा अंगरखा पीठपीठ झाला. पलीकडे लंगरमध्ये करपल्याचा वास सुटला होता आणि कुणीतरी ओरडत होतं की भट्टीतल्या सगळ्या रोट्यांचा कोळसा झाला.

बैठक संपल्यावर पीरसाहेबांनी अल्लाबचायाला जवळ बोलावलं. "ही ओळ मी आजवर ऐकली नव्हती. कुणाचं कलाम?"

अल्लाबचायाने पायांकडे पाहिलं. एखाद्या जुन्या फकिराचं नाव घेतलं असतं तर कोण तपासणार होतं? पण दर्ग्याच्या उंबऱ्यात उभं राहून खोटं बोलायचं धैर्य त्याला नव्हतं आणि खरं बोलायचंही नव्हतं.

"घरचंच आहे, हुजूर," तो म्हणाला.

"मोठं घराणं तुमचं," पीरसाहेब म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. मागून मौलाबख्शचा "म्म" ऐकू आला.

घरी जाताना तो गल्लीत भिंतीला चिकटून चालला. दारात सुग्रां उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"या," ती म्हणाली. "घरातलं भांडण दर्ग्यात नेलंत, आता काय बाकी ठेवलंय? उद्या माझं वांग्याचं भरीत नेऊन गा."

"सुग्रां, ऐक तर—"

"ऐकलं! सगळ्या गावाने ऐकलं! शेजारची रशीदां भिंतीवरून वाकून विचारते, 'सुग्रां, आज मियाँला शिळं वाढलंस काय गं?' वाणी म्हणतो, 'बीबी, सरपण कमी पडलं तर उधार घेऊन जा.' मी तोंड कुठे लपवू?"

"भाईजींची दाढ काढली," तो म्हणाला. "मला मधे बसवलं. शेर आठवेना. तोंडात तेवढंच होतं."

 मग तिचं लक्ष शालीकडे गेलं. तिने काठ बोटांत धरून पाहिला. "मधे बसलात?" तिने विचारलं. "मग जेवताना बोलला का नाहीत? मी उगाच बोलले नसते."

"नाही सांगितलं तेच बरं झालं," तो म्हणाला, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. शमीम, त्यांची मुलगी, आतून धावत आली तर आई दाराच्या चौकटीला टेकून पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी नूरा आला. अंगणातल्या खाटेवर बसला तशी खाट कण्हली.  मग म्हणाला, "मियाँ, मी पोरगा असताना बापाशी भांडून कराचीला पळालो. आई रोज माझ्या वाटणीची रोटी फडक्यात बांधून ठेवायची म्हणे. बहीण सांगायची. संध्याकाळी कुत्र्याला घालायची आणि सकाळी परत नवी. मी परतलो तेव्हा ती नव्हती." त्याने हात पाहिले. "मला वाटायचं, ती रागावून गेली असेल. काल तुम्ही गात होतात ना, तेव्हा कळलं, तो राग नव्हताच. ही ओळ कुणाची, तेवढं सांगा. त्यांच्या कबरीवर चादर घालीन म्हणतो."

अल्लाबचायाने घसा खाकरला. "कबर अजून झालेली नाही, नूराभाई. ती बघा, पडद्यामागे भांडी घासतेय."

भांड्यांचा आवाज थांबला. नूरा ताडकन उठला, पडद्याकडे वळला आणि त्याने दोन्ही हात जोडून छातीला लावले. "आपा," तो म्हणाला, "माझ्या आईचा निरोप तुम्ही पोचवलात."

पडद्याआडून उत्तर यायला वेळ लागला. सुग्रांच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती. मग ती म्हणाली, "बसा, भाई. चहा घेऊन जा. आणि गरम घेऊन जा, नाहीतर हे तेही गातील."

मौलाबख्शचं तोंड उघडलं ते तिसऱ्या दिवशी, आणि पहिला शब्द निघाला तो "रोटी!" तो अंगणात येऊन उभा राहिला. "आजोबांपासून या घराने कधी ओळ बदलली नाही. आणि तू दरबारात रोटी गायलास!"

"भाईजी, तुम्ही सांगत होतात ते मला कळत नव्हतं."

"नाकातून याहून स्पष्ट कसं सांगू?"

पुढच्या गुरुवारी मौलाबख्श परत मधे बसला, काफी धरली, आणि त्या जागी खणखणीत आवाजात फारसी शेर घातला. लोकांनी अदबीने ऐकून घेतला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आणि रोटी?" दुसरा म्हणाला, "हो, रोटी होऊ दे!" पीरसाहेबांनी मिशीत हसू दाबलं. मौलाबख्शने पेटीवरची बोटं उचलली. मग भावाकडे न बघता पुटपुटला, "म्हण बाबा. पण फारसी शेरानंतर. त्याशिवाय नाही." असा त्यांचा समझोता झाला: आधी फारसी शेर, त्यावर घरची ओळ. आणि गंमत अशी, की त्या जड शेरानंतर ती साधी ओळ आणखी खुलायची. हे मौलाबख्शच्याच आधी लक्षात आलं, कारण कान त्याचाही होताच.

मग तो अधूनमधून धाकट्याच्या अंगणात कारण नसताना येऊन बसू लागला. सुग्रांने एकदा विचारलं, "भाईजी, काही हवं होतं का?"

"नाही, नाही. तुझं चालू दे. बचायाला काही बोलायचं असेल तर बोल."

"आता बोलायचीही चोरी!" सुग्रां शमीमला म्हणाली. "मी तोंड उघडलं की दोघं भाऊ ताल धरतात."

ती ओळ गावाबाहेर गेली. झंगच्या उस्तादाने नेली, तिथून ती मुलतानला पोचली, लायलपूरच्या मेळ्यात गायली गेली. पुढे शमीमचं लग्न झालं आणि एका वर्षी तिच्या नवऱ्याने शहरातून एक कॅसेट आणली. कुणी नामांकित गायक ती ओळ गात होता आणि वेष्टनावर लिहिलं होतं, 'पुरातन लोकपरंपरेतून'.

"म्हणजे?" सुग्रांने विचारलं.

"म्हणजे फार जुनी. कुणी रचली माहीत नाही."

"मी इतकी म्हातारी झाले?" ती म्हणाली आणि तिने कॅसेट परत लावायला सांगितली. "तो 'निवली' खाली टाकत नाही. चुकतंय त्याचं. त्याची बायको त्याला वेळेवर वाढत असणार."

अल्लाबचायाला कुणी म्हणालं, दावा लाव, नाव छापून घे. त्याने मान हलवली. त्याला आपलं चांगलं चाललंय असं वाटत होतं आणि ते खरंही होतं. गळा अजून वर जात होता. मौलाबख्शची छाती भरायला लागली तसा तो आपणहून एका गुरुवारी उजवीकडे सरकला आणि भावाला म्हणाला, "बस मधे. आता माझ्याने ढकलत नाही." त्याने ते अगदी सहज म्हटलं, जणू खाटेची बाजू बदलावी. अल्लाबचाया बसला. ओळी तो अजूनही विसरायचा, पण त्याला आता त्याची भीती वाटायची नाही.

सुग्रां गुरुवारी दर्ग्यात यायला लागली ते त्याच सुमारास. जाळीमागे बायकांमध्ये पहिल्या रांगेत तिची जागा ठरलेली, आणि नूराने तिथे तिच्यासाठी एक चौरंग ठेवला होता, गुडघे दुखतात म्हणून. बैठक संपली की ती बाहेरच्या पिंपळाखाली उभी राहायची. अल्लाबचाया जोडे घालत यायचा, घामाने भिजलेला, आणि तिच्याकडे बघायचा.

"आज?" तो विचारायचा.

"दुसरं कडवं घाईत टाकलंत," ती म्हणायची. "शेराला सांगा, ढोलक आहे, धान्य कांडायचं नाही. भाईजींना खोकला आला तेव्हा तुम्ही थांबलात, ते बरं केलंत. बाकी..."

"बाकी?"

"बाकी ठीक होतं," सुग्रां म्हणायची, आणि दोघं सावकाश, बोलत बोलत, उसाच्या गाड्यांना वाट देत घराकडे चालू लागायची.